चित्रांचे खोत आणि चित्रांचे गायरान

(प्रचारसाहित्य तयार करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील व्याख्यानाचा मजकूर)

प्रचारसाहित्याच्या शिबिरांत पत्रक कसे लिहावे, घोषणा किती शब्दांची असावी, फलकावर मजकूर किती असावा, यांवर पुष्कळ चर्चा होते. मजकुराशेजारी जे चित्र बसते त्याविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही. मोर्चाचे पत्रक असो, युनियनच्या वार्षिक सभेचा फलक असो, की विशेषांकाचे मुखपृष्ठ असो. वळलेली मूठ, नांगर धरलेला शेतकरी, डोक्यावर घमेले घेतलेली स्त्री, मशाल, कबुतर ही सारी चित्रे डीटीपी करणाऱ्या ऑपरेटरच्या संग्रहातून निघतात आणि दोन मिनिटांत जागेवर बसतात. ती कोणी काढली, ती कोणाच्या मालकीची आहेत, ती वापरण्याची मुभा कोणी कोणाला दिली, हे प्रश्न विचारले जात नाहीत. ‘सॉफ्टवेअरबरोबर फुकट मिळाली आहेत’ एवढे उत्तर पुरेसे मानले जाते.

या उत्तरातील ‘फुकट’ हा शब्द तपासून पाहणे हाच या व्याख्यानाचा हेतू आहे. तो शब्द कायद्याच्या दृष्टीने चुकीचा आहे आणि त्याची किंमत फलक छापणाऱ्या दुकानदाराला व कार्यकर्त्याला मोजावी लागू शकते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तर तो अधिकच चुकीचा आहे. कारण त्यामागे मालकीची एक संपूर्ण व्यवस्था दडलेली आहे, आणि जी चळवळ जमीन व भांडवल यांच्या मालकीविषयी रोज बोलते, तिने आपल्या फलकावरील चित्राच्या मालकीविषयी अजाण राहणे बरे नव्हे.

कात्री ते तबकडी

‘क्लिप’ म्हणजे कातरणे. संगणक येण्यापूर्वी जाहिरात कंपन्या आणि छापखाने रेखाचित्रांची तयार पुस्तके विकत घेत, हवे ते चित्र कात्रीने कापून मजकुराशेजारी चिकटवीत आणि त्यावरून ब्लॉक करून घेत. ‘क्लिप आर्ट’ हे नाव त्यातूनच आले. न्यूयॉर्कच्या डोव्हर या प्रकाशनसंस्थेने जुन्या कोरीव चित्रांचे असे कितीतरी संग्रह काढले. मूळ चित्रांवरील हक्कांची मुदत बहुधा कधीच संपलेली असे; तरीही एका प्रकाशनात दहापेक्षा अधिक चित्रे परवानगीवाचून घेऊ नयेत, अशी अट त्यांतील अनेक संग्रहांवर छापलेली असे. चित्र सार्वजनिक पण संग्रह खाजगी, हा भेद तेव्हापासूनचा आहे.

मराठी मुलखातील खिळ्यांच्या छापखान्यांतही गणपती, कलश, वेलबुट्टी यांचे तयार ठसे असत. ठसा विकत घेणारा छापखानदार त्या धातूच्या तुकड्याचा मालक होई. तो झिजेपर्यंत वापरी, नको झाला तर दुसऱ्या छापखान्याला विकी. व्यवहारात विकणाऱ्याचा त्या वस्तूशी संबंध तेथेच संपलेला असे.

संगणकाने हे बदलले. १९८४ साली मॅकिंटॉश संगणकासाठी ‘क्लिकआर्ट’ हा चित्रसंग्रह बाजारात आला. १९८९ साली कॅनडातील ओटावा शहरातल्या कोरेल कंपनीने कोरेलड्रॉ हे सॉफ्टवेअर आणले. पुढच्या दशकात अशा सॉफ्टवेअरसोबत तबकड्यांवर हजारो चित्रे मिळू लागली आणि चित्रांची संख्या हीच खोक्यावरची मोठी जाहिरात ठरली. भारतातील लग्नपत्रिकांची, व्हिजिटिंग कार्डांची आणि पुढे फ्लेक्सची असंख्य दुकाने कोरेलड्रॉवरच उभी राहिली. मायक्रोसॉफ्टने ऑफिसमधील आपला क्लिप आर्टचा संग्रह २०१४ च्या अखेरीस बंद केला व वापरणाऱ्यांना इंटरनेटवरील शोधाकडे वळवले. त्याआधी वर्षभर, २०१३ साली, ऑस्ट्रेलियात कॅनव्हा ही सेवा सुरू झाली होती. आज पत्रक करणारा तरुण कार्यकर्ता बहुधा मोबाइलवर तीच उघडतो. ठसा गेला, तबकडी गेली. उरली ती मासिक वर्गणी.

विकत मिळते ते काय?

येथे एक मूलभूत गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. सॉफ्टवेअर घेणाऱ्याच्या हाती चित्राची मालकी येत नाही. हाती येतो तो चित्र वापरण्याचा परवाना, आणि तोही अटींसह. सॉफ्टवेअर बसवताना ‘मान्य आहे’ हे बटण दाबले जाते, तेव्हाच या अटी स्वीकारल्या जातात. त्या वाचणारा मनुष्य विरळाच.

कंपनीपरत्वे अटींचे शब्द बदलतात, तरी काही गोष्टी बहुतेक परवान्यांत समान असतात. पहिली ही की, पत्रक, अहवाल, निमंत्रण यांत चित्र वापरता येते. पण चित्रांचा संग्रह जसाच्या तसा दुसऱ्याला देता येत नाही. एका शाखेने आपली तबकडी दुसऱ्या शाखेला उतरवून देणे म्हणूनच परवान्याबाहेरचे ठरते. दुसरी गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने मुद्दाम वाचावी अशी आहे. मायक्रोसॉफ्टच्या परवान्यात अट अशी होती की, ज्या वस्तूचे मुख्य मूल्य त्या चित्रातच आहे, अशी वस्तू विकता येणार नाही. शंभर ओळींच्या पत्रकात कोपऱ्यातील मूठ चालेल. निधी जमवण्यासाठी तीच मूठ छापलेले स्टिकर विकले, तर मुख्य मूल्य चित्राचे होते आणि परवाना संपतो.

तिसरी अट बोधचिन्हाविषयीची. संग्रहातील चित्र संस्थेचे बोधचिन्ह किंवा व्यापारचिन्ह म्हणून वापरण्यास असे परवाने बहुधा मनाई करतात. कॅनव्हाच्या अटींतही ग्रंथालयातील चित्र असलेल्या बोधचिन्हाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करता येत नाही. यातील व्यावहारिक धोका युनियनच्या कार्यकर्त्याला लगेच कळेल. एखाद्या युनियनने संग्रहातील मूठ आपले चिन्ह म्हणून घेतली आणि उद्या मालकाने उभी केलेली दुसरी युनियन तीच मूठ घेऊन दारात आली, तर पहिलीला ती अडवता येणार नाही. जे चिन्ह सर्वांना भाड्याने मिळते, ते कोणाचेच चिन्ह नसते.

चौथी अट बदनामीकारक वा अश्लील वापराविरुद्धची आणि चित्रातील ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा एखाद्या मताला पाठिंबा आहे असे भासवण्याविरुद्धची. प्रचारकार्यात ही अट सहज मोडली जाते. हसतमुख शेतकऱ्याचे छायाचित्र संग्रहातून घ्यायचे आणि त्याच्या तोंडी आपली घोषणा घालायची, हे त्यातलेच. पाचवी आणि शेवटची गोष्ट म्हणजे, परवाना मूळ सॉफ्टवेअरवर अवलंबून असतो. सॉफ्टवेअरची प्रतच चोरीची असेल, तर त्यासोबत आलेल्या एकाही चित्राचा परवाना अस्तित्वात नसतो.

भारतीय कायदा काय सांगतो?

भारताचा स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा १९५७ चा आहे. त्याच्या दृष्टीने रेखाचित्र ही ‘कलाकृती’ आहे. तिचा दर्जा उत्तम की सामान्य हा प्रश्न कायदा विचारत नाही. चित्र काढल्याक्षणी हक्क निर्माण होतो, त्याला नोंदणी लागत नाही. चित्रावर वर्तुळातला इंग्रजी ‘सी’ छापलेला नाही म्हणून ते मोकळे, ही समजूत निराधार आहे. हक्काची मुदत कलावंताचे आयुष्य आणि त्यानंतर ६० वर्षे अशी आहे. पूर्वी ती ५० वर्षे होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली निवर्तले. त्यांचे साहित्य १९९१ अखेर मोकळे होणार हे दिसताच मुदत दहा वर्षांनी वाढवण्यात आली आणि १९९२ च्या दुरुस्तीने ती कायम झाली. एका थोर नावासाठी सर्व नावांभोवतीचे कुंपण दहा वर्षे पुढे सरकले.

जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास किंवा त्यास साहाय्य करणाऱ्यास कलम ६३ अन्वये सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हक्कभंग धंद्यातील लाभासाठी नसेल, तर न्यायालयाला कारणे नमूद करून शिक्षा कमी करता येते. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी निट प्रो इंटरनॅशनल खटल्यात हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. याचा अर्थ असा की, तक्रार झाली तर पोलिस वॉरंटाशिवाय दुकानात येऊ शकतात. चोरीचे सॉफ्टवेअर जाणीवपूर्वक वापरण्यासाठी कलम ६३-ब स्वतंत्र आहे. फलक पक्षाचा असला, तरी जप्तीची झळ बहुधा कर्ज काढून यंत्र घेतलेल्या छोट्या दुकानदाराला लागते. कष्टकऱ्यांच्या नावाने काढलेल्या फलकापायी एका कष्टकऱ्याचे यंत्र जप्त व्हावे, हे चळवळीला शोभणारे नाही.

कायदा एकतर्फी नाही, हेही सांगितले पाहिजे. खाजगी अभ्यास, टीका, समीक्षा, चालू घडामोडींचे वार्तांकन यांसाठी कलम ५२ वाजवी वापराची मुभा देते. मात्र राजकीय प्रचारासाठी अशी वेगळी सवलत त्यात नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आदी प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये तो फेटाळला. स्वामित्वहक्क हा दैवी वा निसर्गदत्त हक्क नव्हे, समाजाच्या ज्ञानवृद्धीसाठी कायद्याने दिलेला तो मर्यादित हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय होता. हा आशय कार्यकर्त्याने मनात ठेवावा. तो वर्गातील अभ्याससाहित्याला लागू झाला. फ्लेक्सच्या फलकाला तो आपोआप लागू होत नाही, हेही त्याच वेळी लक्षात ठेवावे.

खोत कोण आणि कूळ कोण?

आता अर्थशास्त्राकडे वळू. चित्र काढायला कलावंताचे श्रम एकदा लागतात. त्यानंतरच्या लाखाव्या प्रतीचा उत्पादनखर्च जवळजवळ शून्य असतो. ज्या वस्तूची आणखी एक प्रत काढायला काही लागत नाही, तिला बाजारात किंमत यायची तर टंचाई कृत्रिमरीत्या निर्माण करावी लागते. स्वामित्वहक्क हे त्या टंचाईचे कायदेशीर साधन आहे. हे काही समाजवाद्यांनीच शोधून काढलेले नाही. १८४१ साली ब्रिटिश संसदेत बोलताना मेकॉलेने स्वामित्वहक्काचे वर्णन लेखकांना बक्षीस देण्यासाठी वाचकांवर बसवलेला कर असेच केले होते. आणि १९३४ साली लंडनच्या अर्नोल्ड प्लँट या बाजारवादी अर्थतज्ज्ञानेही ग्रंथांवरील या मक्तेदारीची उपयुक्तता शंकास्पद ठरवली होती.

कर योग्य असू शकतो. प्रश्न तो कोणाच्या हाती जातो हा आहे. कलावंताला त्याच्या श्रमाचे मोल मिळावे म्हणून टंचाई निर्माण करण्यास समाजाने संमती दिली. प्रत्यक्षात क्लिप आर्टच्या व्यवहारात कलावंत बहुधा कंपनीचा नोकर असतो किंवा एकरकमी मोबदल्यावर सर्व हक्क लिहून देतो. नोकरीच्या ओघात काढलेल्या चित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालकच असतो. भारतीय कायद्याचे कलम १७ हेच सांगते. चित्र काढणारा हात आणि चित्र वापरणारा हात यांच्यामध्ये जो उभा राहतो आणि दोन्हीकडून वसूल करतो, त्याला कोकणात एक जुना शब्द आहे. तो शब्द म्हणजे खोत.

या नव्या खोतीचा इतिहास पाहण्यासारखा आहे. बिल गेट्स यांनी १९८९ साली कॉर्बिस ही कंपनी काढली आणि १९९५ साली बेटमन हा छायाचित्रांचा प्रचंड संग्रह विकत घेतला. त्याच १९९५ साली तेलसम्राट जे. पॉल गेटी यांचा नातू मार्क गेटी याने भागीदारासह चित्रांच्या धंद्यात पाऊल टाकले. कॅनडातील कॅल्गरी शहरात २००० साली सुरू झालेले आयस्टॉक हे संकेतस्थळ मुळात आरेखनकारांनी एकमेकांत फुकट चित्रे वाटून घेण्याची जागा होती. ती वाढली, तिथे पैसे आकारले जाऊ लागले आणि २००६ साली गेटी इमेजेसने ती ५ कोटी डॉलरना घेतली. २०१० साली जाहीर झालेल्या दरांत, कंपनीशी अनन्य करार नसलेल्या कलावंताचा वाटा १५ ते २० टक्के ठरला. अर्धेलीच्या कुळालाही निम्मे पीक मिळत असे! कॉर्बिसचा संग्रह २०१६ साली चीनच्या एका कंपनीकडे गेला आणि त्याचे चीनबाहेरचे वितरण गेटीकडे आले. जानेवारी २०२५ मध्ये गेटी व शटरस्टॉक या दोन बड्या कंपन्यांनी विलीनीकरणाची घोषणा केली. जमीनदारीप्रमाणे येथेही तुकडे एकत्र होत चालले आहेत.

खोती किती टोकाला जाऊ शकते याचे उदाहरण २०१६ चे आहे. कॅरल हायस्मिथ या अमेरिकन छायाचित्रकार स्त्रीने आपली हजारो छायाचित्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमार्फत जनतेला मोकळी करून दिली होती. तिनेच काढलेले एक छायाचित्र तिच्या स्वतःच्या संस्थेच्या संकेतस्थळावर वापरल्याबद्दल एका वसुली संस्थेने तिच्याकडे १२० डॉलरची मागणी केली. तिने गेटी इमेजेस व इतरांवर १०० कोटी डॉलरचा दावा लावला. पण स्वामित्वहक्काच्या आधारे केलेल्या तिच्या मागण्या न्यायालयाने फेटाळल्या आणि उरलेला वाद तडजोडीने मिटला. गायरानात गाय सोडणाऱ्यालाच चराईचे बिल यावे, अशातला हा प्रकार.

वारलीची उलटी वाट

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल, तर पालघर जिल्ह्याकडे पाहावे. भाताच्या पिठीने गेरूच्या भिंतीवर काढलेली वारली चित्रे आज चादरी, कप, पिशव्या आणि अर्थातच क्लिप आर्टचे संग्रह यांत सर्वत्र दिसतात. जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या चित्रकाराने ही कला जगापुढे नेली. पण त्रिकोणांतून माणूस उभा करण्याची रीत किंवा तारपा नाचाचे वर्तुळ ही कोणा एकाची निर्मिती नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांची ती सामाईक शैली आहे. स्वामित्वहक्काचा कायदा ज्ञात कलावंत आणि मोजता येणारी मुदत मागतो, म्हणून समाजाच्या सामाईक शैलीला त्यात स्थान नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला. पण त्याने नावाला संरक्षण मिळते, आकृतींना नाही.

परिणाम असा होतो. जगातील कोणतीही कंपनी वारली आकृत्या फुकट घेऊन संगणकावर पुन्हा रेखाटू शकते. तसे केल्यावर त्या विशिष्ट रेखाटनावर तिचा हक्क निर्माण होतो आणि ते परवान्याने विकले जाते. वारली तरुणाला स्वतःच्या हाताने चित्र काढण्यास अर्थातच कोणी मनाई करू शकत नाही. पण त्याच्याच आजीच्या भिंतीवरून उचललेले रेखाटन तो आपल्या दुकानाच्या फलकावर लावू गेला, तर त्याला कंपनीचा परवाना लागेल. आत येताना दार उघडे आणि बाहेर जाताना कुलूप! गावाचे गायरान कुंपणात जाते तेव्हा नेमके हेच घडते.

मग हा कायदा मानायचा कशाला?

येथे एखादा तरुण कार्यकर्ता विचारील की, व्यवस्था खोतांची असेल तर तिचे परवाने पाळण्याचा सोस कशाला? घ्यावीत चित्रे आणि लावावीत. या आक्षेपाला दोन उत्तरे आहेत.

पहिले व्यावहारिक आहे आणि ते वर येऊन गेले: किंमत खोत मोजत नाही, दुकानदार मोजतो. दुसरे अधिक महत्त्वाचे आहे. चोरून वापरल्याने खोती मोडत नाही, उलट पसरते. चोरीच्या कोरेलड्रॉवर शिकलेल्या पिढीने त्याच सॉफ्टवेअरला बाजारात अढळ स्थान मिळवून दिले, आणि मोफत, मुक्त साधने शिकण्याची गरज कोणाला भासली नाही. शिवाय कंपनीचे चित्र फुकट घेण्याची सवय लागलेला हात गावच्या पेंटरचे चित्रही तितक्याच सहजपणे फुकट घेतो. त्या चित्राखाली त्याचे नाव नसते आणि मोबदल्याचा प्रश्नच येत नाही. फ्लेक्सच्या लाटेत ज्यांचे ब्रश थांबले, त्या बोर्ड रंगवणाऱ्यांचे हिशेब कोणत्या पक्षाने मांडले?

या संदर्भात अल्बर्तो कोर्दाचे उदाहरण बोलके आहे. ५ मार्च १९६० रोजी हवाना येथे त्याने टिपलेले चे गव्हेराचे छायाचित्र जगभर पसरले. कोर्दाला त्यातून कित्येक दशके काही मिळाले नाही आणि चळवळींनी ते वापरावे याला त्याची हरकतही नव्हती. पण व्होडकाच्या जाहिरातीत ते आले तेव्हा, २००० साली, तो न्यायालयात गेला. तडजोडीत मिळालेली सुमारे ५० हजार डॉलरची रक्कम त्याने क्युबातील वैद्यकीय सेवेला देऊन टाकली. हक्क असणे आणि हक्काने भाडे वसूल करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्दाने हक्काचा वापर सामाईक वारशाला कुंपणापासून वाचवण्यासाठी केला. समाजवादी कार्यकर्त्याची भूमिका याच दिशेची असली पाहिजे.

करावे काय?

पहिले काम नोंदवहीचे. प्रत्येक शाखेने आपल्या प्रचारसाहित्यातील चित्रांची नोंद ठेवावी: चित्र कोठून घेतले, कोणत्या परवान्याने आणि कोणत्या तारखेला. ‘इंटरनेटवर सापडले’ हा परवाना नव्हे. संग्रहावर ‘कॉपीराइट-मुक्त’ असे छापले आहे एवढ्यानेही खात्री होत नाही. अमेरिकेत झूम या कंपनीच्या क्लिप आर्ट तबकड्यांतील चित्रे आपली असल्याचा दावा इमेजलाइन या कंपनीने केला आणि प्रकरण २००३ साली अपील न्यायालयापर्यंत गेले. विकणाऱ्याचाच हक्क सदोष असेल, तर घेणाऱ्याचाही सदोष ठरतो.

दुसरे काम मोकळ्या चित्रांची ओळख करून घेण्याचे. राजा रविवर्म्याचे निधन १९०६ साली झाले. त्याची चित्रे कधीच सार्वजनिक झाली आहेत. स्वातंत्र्यापूर्वी प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची मुदतही आता संपली आहे. ब्रिटिश लायब्ररीने २०१३ साली जुन्या ग्रंथांतील दहा लाखांवर चित्रे मोकळी केली, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ साली पावणेचार लाख. २००४ साली सुरू झालेले ओपनक्लिपआर्ट आणि विकिमीडिया कॉमन्स हे संग्रह तर स्वयंसेवकांच्या श्रमावर उभे आहेत. तेथेही अटी असू शकतात. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या काही परवान्यांत कलावंताचे नाव देणे बंधनकारक असते, काहींत बदल करण्यास आणि काहींत व्यापारी वापरास मनाई असते. त्या पाळणे हे सौजन्यही आहे आणि शिस्तही. ओपनक्लिपआर्ट २०१९ साली दीर्घकाळ बंद पडले होते. गायरान राखले नाही तर तेही उजाड होते, हा त्याचा धडा.

तिसरे काम कलावंताशी लेखी करार करण्याचे. तालुक्याला चित्रकलेचे शिक्षक आहेत, पेंटर आहेत, कलाशाळांतून बाहेर पडलेली मुले आहेत. त्यांच्याकडून चित्र काढून घ्यावे, मोबदला द्यावा, नाव छापावे. करार तोंडी नसावा. कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतर लेखीच असावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते आणि क्षेत्र लिहिले नसेल तर भारतापुरते धरले जाते. हक्क सोडून देण्याची कलावंताची इच्छा असेल, तर २०१२ च्या दुरुस्तीनंतर कलम २१ खाली जाहीर सूचना देऊनही ते करता येते. अशा वीस-पंचवीस शाखांनी प्रत्येकी दहा चित्रे मोकळी केली, तरी मराठी चळवळीचा स्वतःचा संग्रह उभा राहील: ऊसतोडणीची कोयती, अंगणवाडीताईची वही, गिरणीचा भोंगा, एसटीची घंटी. परदेशी संग्रहात ही चित्रे सापडत नाहीत; कारण तेथील शेतकरी ट्रॅक्टरवर बसलेला असतो आणि त्याच्या डोक्यावर गवती हॅट असते.

चौथे काम राजकीय मागणीचे. अमेरिकेच्या संघ सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाच्या ओघात तयार केलेल्या कृतींवर तेथे स्वामित्वहक्क नसतो. भारतात मात्र सरकारी कृतींवर प्रकाशनापासून ६० वर्षे सरकारचा हक्क राहतो. कायदे, राजपत्र आदींना सवलत आहे, पण जनतेच्या पैशाने काढलेल्या चित्रांना ती सर्वसाधारणपणे नाही. सार्वजनिक निधीतून तयार झालेली चित्रे व छायाचित्रे, सरकारी संग्रहालये आणि अभिलेखागारांतील मुदत संपलेले साहित्य सर्वांसाठी मोकळे करावे, आणि वारलीसारख्या सामाईक कलांच्या व्यापारी वापरातून त्या समाजाला वाटा मिळेल असा कायदा करावा, ही मागणी निवडणूक जाहीरनाम्यात यायला हरकत नाही.

मित्रहो, १९५७ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी १ एप्रिल रोजी, कृषकदिनी, मुंबई राज्याच्या कूळकायद्याने जमीन कसणारे कूळ त्या जमिनीचे मालक होईल असे मानले गेले. त्याच वर्षी संसदेने स्वामित्वहक्काचा कायदा केला. कोकणातील खोती त्याआधीच, १९४९ च्या कायद्याने, रद्द ठरली होती. जमिनीवरचा मध्यस्थ हटवण्यासाठी चरीसारख्या गावांतील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे संप केले, उपासमार सोसली. त्यानंतर कायदा आला. चित्रांच्या जगात कृषकदिन अजून उजाडलेला नाही. तो परवाने झुगारून उजाडणार नाही आणि परवान्यांपुढे मान तुकवूनही उजाडणार नाही. काढणाऱ्याला मोल आणि वापरणाऱ्याला मुभा देणारा संग्रह कार्यकर्त्यांनी स्वतः उभा करावा लागेल. त्याचे पहिले पान पुढच्या मोर्चाच्या पत्रकावर, चित्राखाली काढणाऱ्याचे नाव छापून, लिहिता येईल.